नोटिफिकेशनवर क्लिक केल्यावर विंडो पुढे का येत नाही, आणि नेमका लॉट कसा उघडायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी तुम्ही पायथन आणि जीटीके (विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) वापरून प्रोग्रॅम लिहिलाय. काट्यावरून लॉटचं वजन आलं की डेस्कटॉपवर नोटिफिकेशन येतं आणि त्यावर क्लिक केलं की तुमची विंडो पुढे यावी अशी अपेक्षा आहे. काउंटरवर उबुंटू २२.०४ आहे, मालकांच्या केबिनमध्ये लिनक्स मिंट. आधी ‘नोटिफाय-सेंड’ ही नोटिफिकेशन पाठवायची तयार आज्ञा वापरलीत, तेव्हा नोटिफिकेशन दिसायचं पण क्लिक वाया जायचा. मग लिबनोटिफाय या लायब्ररीचा कॉलबॅक, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन, जोडलंत. तेव्हापासून मिंटवर कधी चालतं, कधी नाही. उबुंटूवर तर विंडोऐवजी ‘प्रोग्रॅम तयार आहे’ असं आणखी एक नोटिफिकेशन येतं. प्रोग्रॅम बंद असेल तर क्लिकचा काहीच उपयोग होत नाही. आणि तुम्ही विचारताय, विंडो हमखास पुढे आणणारी आज्ञा कोणती?

अशी एक आज्ञा नाही. तुमच्या तक्रारीत चार वेगवेगळे बिघाड एकमेकांत मिसळलेत, त्यामुळे एक सुधारलात तरी दुसरा दिसत राहतो आणि पहिलाच सुधारला नाही असं वाटतं. शिवाय विंडो पुढे येणं हा खरा प्रश्न नाही असं माझं मत आहे. दिवाणजींना विंडो नकोय, त्यांना तो लॉट हवाय. विंडो आली, मुख्य यादी दिसली आणि त्यात परत लॉट नंबर शोधत बसावं लागलं, तर नोटिफिकेशनने त्यांचं काम वाढवलंच.

मी साताऱ्यात राहून पतसंस्था, कारखाने, कोल्ड स्टोरेज अशा ठिकाणी लिनक्सवर चालणारे प्रोग्रॅम बसवतो. या सगळ्या कामांतून माझी एक पद्धत ठरलीय: क्लिकचा अर्थ नोटिफिकेशनबरोबरच पाठवायचा, प्रोग्रॅमच्या स्मृतीत ठेवायचा नाही. खाली जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी क्लिक कुठे होतो ते बघू. नोटिफिकेशनची पट्टी तुमच्या प्रोग्रॅमची नसते, ती डेस्कटॉपची असते. तुम्ही डी-बसवरून (लिनक्सवर प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात ती व्यवस्था) ‘ऑर्ग डॉट फ्रीडेस्कटॉप डॉट नोटिफिकेशन्स’ या सेवेला ‘नोटिफाय’ म्हणून सांगता, ती सेवा पट्टी काढते आणि तुम्हाला एक आकडा परत देते. तोच त्या नोटिफिकेशनचा क्रमांक. ‘नोटिफाय’ला आठ गोष्टी जातात: प्रोग्रॅमचं नाव, ज्याच्या जागी हे दाखवायचं त्या जुन्या नोटिफिकेशनचा क्रमांक, चित्र, मथळा, मजकूर, कृतींची यादी, सूचना म्हणजे हिंट्स आणि किती वेळ दाखवायचं तो आकडा. क्लिकचा संबंध यातल्या कृतींच्या यादीशी आहे. ही यादी जोडीजोडीने असते, आधी कृतीची खूण आणि मग माणसाला दिसणारं नाव. ‘डिफॉल्ट’ अशी खूण दिलीत तरच पट्टीच्या अंगावर केलेला क्लिक तुमच्यापर्यंत येतो.

ती खूण दिली नाहीत तर काय, हे डेस्कटॉपवर अवलंबून आहे. ग्नोम, म्हणजे उबुंटूचा डेस्कटॉप, त्या नोटिफिकेशनचा प्रोग्रॅम ओळखू शकला तर तो प्रोग्रॅम उघडायचा प्रयत्न करतो, नाहीतर पट्टी नुसती निघून जाते. ‘नोटिफाय-सेंड’च्या वेळी तुमचा क्लिक वाया जात होता तो यामुळे. त्यात कृती नव्हती आणि ती आज्ञा तर निरोप देऊन लगेच संपलेली होती, मग क्लिक ऐकायला मागे कोण उरलं? नव्या आवृत्त्यांत ‘नोटिफाय-सेंड’लाही कृती जोडता येते आणि मग ती क्लिकची वाट बघत थांबते. पण दुकानाच्या प्रोग्रॅमसाठी तो रस्ता मी घेणार नाही. प्रत्येक लॉटमागे एक थांबलेली प्रक्रिया सांभाळत बसावं लागतं.

‘डिफॉल्ट’ला दिलेलं नाव बहुतेक डेस्कटॉप दाखवत नाहीत, पण दाखवायला त्यांना मनाई नाही. म्हणून तिथे रिकामं सोडू नका, ‘लॉट उघडा’ असं सरळ लिहा.

आता मिंटवर कधी चालतं, कधी नाही, त्याकडे येऊ. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, पण या लक्षणाचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. लिबनोटिफायचा कॉलबॅक हा पायथनमधल्या त्या नोटिफिकेशनच्या ऑब्जेक्टला टांगलेला असतो. फंक्शनच्या आत ऑब्जेक्ट तयार केला, दाखवला आणि फंक्शन संपलं, की पायथन तो ऑब्जेक्ट साफ करून टाकतो. पट्टी पडद्यावर तशीच असते, मात्र तिचा तुमच्याशी असलेला धागा तुटलेला असतो. काही जण तो ऑब्जेक्ट क्लासच्या एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवतात. मग शेवटच्या नोटिफिकेशनवरचा क्लिक चालतो आणि आधीच्यांवरचे चालत नाहीत, कारण नवीन लॉट आला की जुना ऑब्जेक्ट पुसला जातो. हंगामात आवक जोरात असताना पाठोपाठ लॉट येतात, तेव्हा ‘कधी चालतं, कधी नाही’ असंच वाटणार. क्रमांकानुसार सगळे ऑब्जेक्ट एका डिक्शनरीत ठेवले की हा बिघाड जातो.

दुसरं कारण काट्याचं. काटा सिरियल पोर्टवरून वाचता ना? ते वाचन मुख्य लूपमध्येच, म्हणजे क्लिक वगैरे निरोप एकामागून एक हाताळणाऱ्या फेऱ्यातच, करत असाल, तर वजनाची वाट बघत प्रोग्रॅम अडकून राहतो आणि क्लिकचा निरोप रांगेत पडून राहतो. पुढचं वजन आलं की मग अचानक विंडो उघडते, तोवर दिवाणजींनी आणखी चार क्लिक केलेले असतात. वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये न्या, आणि त्या थ्रेडमधून जीटीकेला थेट हात लावू नका. ‘जीलिब’ या जीटीकेच्या पायाभूत लायब्ररीतल्या ‘आयडल-ॲड’ने काम मुख्य लूपकडे सोपवा.

उबुंटूवरचं प्रकरण निराळं आहे आणि खरी गोम तिथेच आहे. तिथे क्लिक तुमच्यापर्यंत पोहोचतोय. पोहोचला नसता तर ‘प्रोग्रॅम तयार आहे’ असं आलंच नसतं. तुमचा प्रोग्रॅम विंडो पुढे आणायला सांगतो आणि ग्नोम ते नाकारतो. माणूस एका विंडोत टाइप करत असताना दुसऱ्या प्रोग्रॅमने मध्येच घुसू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे, आणि ती योग्यच आहे. पासवर्ड टाइप करताना मध्येच दुसरी विंडो आली तर काय होईल, याचा विचार करा. ग्नोमच्या दृष्टीने तुमची विंडो ही अशीच एक घुसखोर. माणसाने नुकताच क्लिक केलाय आणि त्या क्लिकमुळेच ही विंडो उघडतेय, याचा पुरावा तुम्ही दिलेला नाही.

तो पुरावा म्हणजे टोकन. कारखान्याच्या यार्डात ऊसाच्या गाडीला टोकन मिळतं आणि ते दाखवल्याशिवाय गाडी काट्यावर घेत नाहीत, अगदी तसं. क्लिक डेस्कटॉपच्या पट्टीवर होतो, त्यामुळे टोकन डेस्कटॉपच देतो. ते घेऊन विंडो पुढे आणायची विनंती केली की ती मान्य होते. लिनक्सवर विंडो पडद्यावर दाखवायच्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स-११ आणि नवी वेलँड. एक्स-११ मध्ये हे काम ‘डेस्कटॉप स्टार्टअप आयडी’ करतो, त्याच्या शेपटाला क्लिकची वेळ जोडलेली असते. वेलँडमध्ये ‘एक्सडीजी ॲक्टिव्हेशन’ नावाचा प्रोटोकॉल आहे. तिथे कुठलाही प्रोग्रॅम स्वतःची विंडो स्वतःच्या मर्जीने वर आणू शकत नाही, टोकन लागतंच. उबुंटू २२.०४ मध्ये सर्वसाधारणपणे वेलँडचं सत्र असतं आणि मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये एक्स-११ चं. तुमच्या दोन मशीनवर दोन तऱ्हा दिसतात त्यामागे हाही भाग आहे. तरी एक्स-११ वर बिनटोकनाचं नेहमी चालतं असं समजू नका. तिथेही कधी कधी विंडो येत नाही आणि खाली टास्कबारवरचं बटण नुसतं लुकलुकत राहतं.

फ्रीडेस्कटॉपच्या नोटिफिकेशनच्या नियमावलीत १.२ या आवृत्तीपासून ‘ॲक्टिव्हेशन-टोकन’ नावाचा सिग्नल आलाय. क्लिक झाला की आधी हा सिग्नल येतो, त्यात नोटिफिकेशनचा क्रमांक आणि टोकन असतं. पाठोपाठ ‘ॲक्शन-इन्व्होक्ड’ येतो, त्यात क्रमांक आणि कृतीची खूण. पहिला सिग्नल आला की टोकन क्रमांकानुसार बाजूला ठेवायचं, दुसरा आला की ते विंडोला द्यायचं आणि मगच ‘प्रेझेंट’ (विंडो पुढे आणायची जीटीकेची आज्ञा) म्हणायचं. टोकन त्या क्लिकपुरतंच चांगलं असतं. ते साठवून ठेवून पुढच्या वेळी वापरू म्हणालात तर चालणार नाही. आणि मध्येच डेटाबेसमधून सगळी यादी आणायला निघालात तर तेवढ्या वेळात माणूस दुसरीकडे वळलेला असतो. आधी विंडो पुढे आणा, मग त्यात माहिती भरा.

हा सिग्नल प्रत्येक डेस्कटॉप देतोच असं नाही, आणि तुमच्या मशीनवरचं लिबनोटिफाय जुनं असेल तर त्यात टोकन हातात घेण्याची सोयही नसेल. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. प्रत्येक डेस्कटॉपसाठी वेगळं ठिगळ लावत बसण्यापेक्षा तुम्ही लिबनोटिफाय सोडा आणि ‘जीनोटिफिकेशन’कडे वळा असं मी सुचवेन. तुम्ही जीटीके वापरताच, म्हणजे वेगळं काही बसवायचं नाही. हे जीलिबमध्ये २.४० पासून, म्हणजे २०१४ पासून आहे.

जीनोटिफिकेशनमध्ये कॉलबॅक नसतो, आणि मला ते आवडतं ते याच कारणासाठी. तिथे तुम्ही कृतीचं नाव आणि त्याबरोबर एक मूल्य देता. उदाहरणार्थ कृती ‘ॲप डॉट लॉट-उघडा’ आणि मूल्य ‘२१४’. कोडमध्ये हे नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि ते ‘ॲप डॉट’नेच सुरू व्हायला हवं. पट्टीवर क्लिक झाला की डेस्कटॉप तुमच्या प्रोग्रॅमला सांगतो, ‘लॉट-उघडा, २१४’. टोकन सोबतच येतं आणि जीटीके ते परस्पर सांभाळतं. तुमच्या कृतीच्या फंक्शनमध्ये फक्त विंडो घ्यायची, ‘प्रेझेंट’ म्हणायचं आणि २१४ नंबरचा लॉट दाखवायचा. प्रोग्रॅम मध्ये बंद होऊन परत सुरू झालेला असला तरी २१४ हा आकडा नोटिफिकेशनमध्येच आहे, तुमच्या कुठल्या डिक्शनरीत नाही. क्लिकचा अर्थ नोटिफिकेशनबरोबर पाठवायचा म्हणजे हेच.

यासाठी थोडी मांडणी बदलावी लागेल. सध्या तुम्ही बहुधा विंडो बनवून थेट मुख्य लूप सुरू करता. त्याऐवजी ‘जीटीके ॲप्लिकेशन’ बनवा आणि त्याला उलट्या डोमेनच्या पद्धतीचं एक ओळखनाम द्या. याचा एक फायदा लगेच मिळतो. कुणी प्रोग्रॅमच्या चिन्हावर दुसऱ्यांदा क्लिक केलं तर दुसरी प्रत उघडत नाही, चालू असलेल्या प्रतीलाच निरोप जातो. दुकानात एकाच काट्याला दोन प्रती चिकटल्या तर काय गोंधळ होतो हे तुम्हाला सांगायला नको.

मग त्याच ओळखनामाची डेस्कटॉप फाइल, म्हणजे प्रोग्रॅमची ओळख डेस्कटॉपला करून देणारी फाइल, लागते. फाइलचं नाव आणि ओळखनाम अक्षरशः एकच हवं. ग्नोमवर ही फाइल सापडली नाही तर जीनोटिफिकेशन दिसतच नाही, आणि पडद्यावर कुठली चूकही येत नाही. नवीन मंडळी इथे तासन्‌तास अडकतात, कारण त्यांना वाटतं कोड चुकलाय. फाइलमध्ये ‘डीबस-ॲक्टिव्हेटेबल’ खरं करून ठेवा आणि डी-बसच्या सर्व्हिसेस फोल्डरमध्ये एक छोटी सर्व्हिस फाइल टाका. तिच्या चालवायच्या ओळीत तुमच्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता आणि पुढे ‘जीॲप्लिकेशन-सर्व्हिस’ हा पर्याय. एवढं झालं की प्रोग्रॅम बंद असताना पट्टीवर क्लिक केलं तरी डी-बस तो सुरू करतो आणि कृती त्याच्या हातात देतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट वाचा. बंद प्रोग्रॅम असा कृतीसाठी जागा झाला की ‘स्टार्टअप’ (प्रोग्रॅम सुरू होताना चालणारं फंक्शन) चालतं, पण ‘ॲक्टिव्हेट’ (चिन्हावरून नेहमीसारखा उघडल्यावर चालणारं) चालत नाही. आपण सगळे विंडो ‘ॲक्टिव्हेट’मध्ये बनवतो, सगळे धडे तसंच शिकवतात. म्हणजे कृतीचं फंक्शन चालेल तेव्हा विंडो अस्तित्वातच नसेल, ‘नन’वर ‘प्रेझेंट’ बोलावलं जाईल आणि प्रोग्रॅम गपकन पडेल. त्या वेळी टर्मिनल उघडं नसल्यामुळे चूक दिसणारही नाही. म्हणून ‘विंडो असेल तर ती दे, नसेल तर बनवून दे’ असं एक छोटं फंक्शन लिहा आणि ‘ॲक्टिव्हेट’ व कृती दोन्हीकडून तेच बोलवा. कृतीची नोंदणी मात्र ‘स्टार्टअप’मध्येच करा, नाहीतर निरोप आला तेव्हा तो घ्यायला कृतीच नसेल.

हे सगळं ग्नोमवर नीट जमतं. मिंटच्या सिनॅमनवर किंवा केडीई प्लाझ्मावर जीनोटिफिकेशन आतून फ्रीडेस्कटॉपच्या जुन्याच सेवेकडे जातं. तिथे चालू प्रोग्रॅमवर क्लिक पोहोचतो, पण बंद प्रोग्रॅम जागा होईलच याची खात्री नाही. म्हणून मालकांच्या मशीनवर प्रोग्रॅम लॉग-इनबरोबर सुरू होऊन मागे चालू राहील असं करा. विंडो बंद केली तरी प्रोग्रॅम संपू नये, यासाठी जीटीके ॲप्लिकेशनमध्ये ‘होल्ड’ची सोय आहे. केबिनमधलं मशीन तसंही सकाळी सुरू होतं ते संध्याकाळी यार्ड बंद होईपर्यंत चालूच असतं, त्यामुळे तुमच्या बाबतीत हा तोडगा पुरेसा आहे.

जीटीकेऐवजी क्यूटी ही लायब्ररी वापरणाऱ्या कुणाला हे उत्तर उपयोगी पडेल म्हणून एक ओळ. ‘क्यू-सिस्टिम-ट्रे-आयकॉन’चा ‘मेसेज-क्लिक्ड’ हा सिग्नल कुठल्या संदेशावर क्लिक झाला ते सांगत नाही. एका वेळी एकच संदेश असेल तर ठीक. पाच लॉट ताटकळत असताना तो वापरलात तर भलताच लॉट उघडेल. तिथे डी-बसशी थेट बोला किंवा केडीईची ‘के-नोटिफिकेशन’ घ्या. आणि हलक्या विंडो मॅनेजरबरोबर ‘डन्स्ट’ ही नोटिफिकेशनची सेवा वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यात मुळात डाव्या क्लिकने पट्टी बंद होते, कृती मधल्या बटणाने होते. ते त्याच्या सेटिंगमध्ये बदलता येतं, तुमच्या कोडमध्ये नाही. उबुंटूच्या २००९ सालच्या ‘नोटिफाय ओएसडी’त तर पट्टीवर कृती हा प्रकारच नव्हता. समोरची सेवा काय काय करू शकते ते ‘गेट-कॅपेबिलिटीज’ विचारून आधी बघता येतं. त्या यादीत ‘ॲक्शन्स’ नसेल तर क्लिकवर काहीही अवलंबून ठेवू नका.

आता ज्या भागाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते जो सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो. क्लिक उशिरा येतो. नोटिफिकेशन आलं तेव्हा दिवाणजी सौद्यावर गेलेले असतात. पट्टी वरून निघून जाते आणि घड्याळाखालच्या यादीत पडून राहते. ते जेवून आल्यावर यादी उघडून क्लिक करतात. तोवर लॉट २१४ चं वजन दुसऱ्यांदा झालेलं असेल, कदाचित शेतकऱ्याने माल परत नेला असेल, कदाचित शेतकऱ्याची हिशोबपट्टीसुद्धा निघाली असेल. क्लिकबरोबर फक्त लॉटची ओळख यावी, वजन येऊ नये, यामागचं कारण हे आहे. वजन क्लिकच्या वेळी डेटाबेसमधून ताजं काढा. लॉट सापडला नाही तर रिकामी विंडो दाखवू नका, ‘हा लॉट रद्द झाला आहे’ असं स्पष्ट लिहा.

एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी केलेल्या कामात मी हे सगळ्यात जास्त ताणून पाहिलं. तिथे चेंबरचं तापमान मर्यादेबाहेर गेलं की नोटिफिकेशन येतं. दर वेळी नवीन पट्टी काढली असती तर रात्रपाळीच्या माणसासमोर एकाच चेंबरच्या पट्ट्यांचा ढीग लागला असता आणि त्याने सगळ्याच झटकून टाकल्या असत्या. म्हणून चेंबरच्या नावालाच नोटिफिकेशनचं ओळखनाम केलं. जीनोटिफिकेशनमध्ये त्याच ओळखनामाने परत पाठवलं की जुनं जाऊन नवीन येतं, आणि काम संपलं की ‘विथड्रॉ’ने ते मागेही घेता येतं. तापमान जागेवर आलं की पट्टी आपोआप निघून जाते. क्लिक केल्यावर आताचं तापमान मोठ्या अक्षरांत दिसतं आणि बाजूला ‘इशारा आला तेव्हा इतकं होतं’ हे वेळेसह. आधी फक्त आताचा आकडा दाखवत होतो, तेव्हा माणसं विचारायची, ‘सगळं ठीक आहे, मग इशारा कशाला आला?’ आणि पुढच्या इशाऱ्यावरचा त्यांचा विश्वास उडायचा. तुमच्याकडेही लॉट नंबर हेच ओळखनाम ठेवा. दुसरं वजन आलं तर तीच पट्टी बदलेल, आणि हिशोबपट्टी छापून झाली की नोटिफिकेशन मागे घ्या. दिवसाअखेर यादीत जे उरेल ते खरोखर राहिलेलं काम असेल.

तातडीची पातळी ठरवतानाही हात आखडता घ्या. ‘क्रिटिकल’ म्हटलेली पट्टी ग्नोमवर आपणहून जात नाही, माणसाने हटवेपर्यंत समोर राहते. लॉटचं वजन हे तसं काम नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली आणि तुमच्या मालकांचं गोदाम नदीकडच्या भागात आहे, तर ते ‘क्रिटिकल’. रोजच्या कामासाठी ही पातळी वापरली की खऱ्या संकटाच्या वेळी तिच्याकडे कुणी बघत नाही.

पट्टीच्या अंगावरच्या क्लिकने फक्त उघडावं, काही बदलू नये. सौदा मंजूर करणं, हिशोबपट्टी छापणं, व्यवहार रद्द करणं यातलं काहीही त्या क्लिकवर ठेवू नका. माणसं पट्टी नुसती बाजूला सारायलाही तिच्यावर क्लिक करतात. मंजुरीसाठी वेगळं बटण द्यायचं तर द्या, पण त्यानेही आधी लॉट उघडून दाखवावा आणि मग होकार घ्यावा. पट्टी बंद झाली म्हणजे कुणी वाचली, असंही धरू नका. बंद झाल्याच्या सिग्नलमध्ये कारणाचा आकडा असतो: १ म्हणजे वेळ संपली, २ म्हणजे माणसाने हटवली, ३ म्हणजे प्रोग्रॅमनेच मागे घेतली. २ आला तरी त्यातून माणसाने वाचलं एवढं सिद्ध होत नाही.

आणि दिवाणजी एका शेतकऱ्याची हिशोबपट्टी अर्धी भरत असताना त्यांनी दुसऱ्या लॉटच्या नोटिफिकेशनवर क्लिक केला तर? तुमचा प्रोग्रॅम त्याच विंडोत नवीन लॉट उघडून अर्धी भरलेली हिशोबपट्टी पुसत असेल, तर ते दुसऱ्यांदा क्लिक करायचं धाडस करणार नाहीत. अर्धवट काम असेल तेव्हा लॉट नवीन विंडोत किंवा नवीन टॅबमध्ये उघडा. मी तर लॉट नेहमीच वेगळ्या विंडोत उघडतो आणि तो आधीच उघडा असेल तर तीच विंडो पुढे आणतो.

एक लहान गोष्ट मजकुराची. बऱ्याच डेस्कटॉपवर नोटिफिकेशनच्या मजकुरात ठळक, तिरपं अशी थोडी मार्कअप चालते. पेढीच्या नावात ‘&’ असेल आणि तो तसाच पाठवला तर काही ठिकाणी मजकूर तुटतो किंवा दिसतच नाही. लिबनोटिफायवरून पाठवत असाल तोवर ‘जीलिब’च्या मार्कअप एस्केपमधून मजकूर घालवा. मथळ्यात ही भानगड नाही, म्हणून लॉट नंबर आणि नाव मथळ्यात ठेवणं सोयीचं.

कामाचा क्रम मी असा धरेन: आधी काट्याचं वाचन मुख्य लूपमधून बाहेर काढा, मग जीटीके ॲप्लिकेशन आणि ओळखनाम, मग डेस्कटॉप फाइल आणि सर्व्हिस फाइल, मग कृती व तिचं मूल्य, आणि शेवटी जुना लिबनोटिफायचा कोड काढून टाका. दोन्ही एकत्र ठेवलेत तर कुठला क्लिक कुठून आला हे कळणार नाही.

तपासणी मशीनसमोर बसून करा, नुसता कोड वाचून नाही. विंडो लहान केलेली असताना क्लिक करा. दुसऱ्या वर्कस्पेसवर असताना करा. मग प्रोग्रॅम पूर्ण बंद करून करा. पडदा लॉक करून, परत उघडून, यादीतून करा. ‘व्यत्यय नको’ चालू ठेवून बघा: पट्टी वर येणार नाही पण यादीत असायला हवी. दोन लॉट पाठोपाठ पाठवा आणि आधीच्या लॉटवर क्लिक करा, तुमचा जुना बिघाड तिथे लगेच उघडा पडायचा. नोटिफिकेशन रात्रीच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सेवा) पाठवायचा विचार असेल तर क्रॉनला तुमच्या सत्राच्या डी-बसचा पत्ता माहीत नसतो. ‘सुडो’ने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारात, चालवलं तरी तेच. नोटिफिकेशन नेहमी लॉग-इन केलेल्या माणसाच्या सत्रातूनच जाऊ द्या.

इतकं करूनही काउंटरवर ‘तयार आहे’ येतच राहिलं, तर एका टर्मिनलमध्ये ‘डीबस-मॉनिटर’ (डी-बसवरचे निरोप दाखवणारी आज्ञा) सत्राच्या बसवर लावून ठेवा, एक लॉट पाठवा, क्लिक करा आणि त्या वेळी उमटलेल्या ओळी इथे टाका. जीनोटिफिकेशन असेल तर तुमच्या ओळखनामाकडे ‘ॲक्टिव्हेट-ॲक्शन’ची हाक गेलेली दिसेल. त्या हाकेत तीन गोष्टी असतात: कृतीचं नाव, मूल्य आणि शेवटी प्लॅटफॉर्मची माहिती. त्या शेवटच्या भागात स्टार्टअप आयडी किंवा टोकन आहे की नाही, तेवढं मला बघायचंय. असेल तर चूक तुमच्या फंक्शनमध्ये आहे, बहुधा ‘प्रेझेंट’ उशिरा बोलावलं जातंय. नसेल तर डेस्कटॉप फाइल बघावी लागेल. ओळी टाकताना शेतकऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर तेवढे काढून टाका.